नाट्य, प्राथमिक शाळेतील
लहान मुलांना अभिनयप्रधान खेळांतून नाट्यकलेचा परिचय करून देण्याची पद्धती. भातुकलीत मूल भूमिका घेतच असते. शाळेने तिला प्रसंगाची व संवादाची जोड द्यावयाची असते. प्रथम मूकाभिनय, मग परिचित गोष्टीचे स्वतःच्या शब्दांत नाट्यीकरण व अखेरीस लिखित संहिता, हा क्रम सोयीचा ठरतो. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी एस.टी.चा वाहक, बाजारातील भाजीवाली, दारी येणारा वासुदेव ही पात्रे मुलांच्या परिचयाची असतात. ती घरच्या बोलीतच बोलू द्यावीत. आरंभीच प्रमाण भाषेचा आग्रह धरल्यास मूल गप्प होते, आणि एकदा गप्प झालेले मूल वर्गातही सहसा बोलत नाही. भारुडाला पडदा लागत नाही, तसा या नाट्यालाही लागत नाही. सुधा करमरकर यांनी मुंबईत १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ स्थापून रत्नाकर मतकरी यांचे मधुमंजिरी सादर केले, तेव्हापासून मराठी बालनाट्याला स्वतंत्र रंगमंच लाभला. वर्गातील नाट्याचे उद्दिष्ट मात्र प्रयोग हे नव्हे. स्नेहसंमेलनासाठी पाठ करून घेतलेल्या संवादांत चार धीट मुलेच पुढे येतात. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात भूमिकांची अदलाबदल करणे आवश्यक असते.