दोन इंचाच्या आतला पाइप: आर्क, मिग की टिग?

बोईसर-तारापूर एमआयडीसीत केमिकल आणि फार्मा कंपन्या भरपूर, म्हणून लहान पाइपची कामंही निघतात. पण मशीन घेण्याआधी आपलं गिऱ्हाईक कोण, ते ठरवा.

पालघरमध्ये रेलिंग, गेट, शेडची कामं करायची असतील तर साधं आर्क पुरतं. उघड्यावर, वाऱ्यातही चालतं. मिग वेगवान, पण वाऱ्याने गॅस उडतो. शेडमध्ये एकसारखे बरेच नग करायचे असतील तर परवडतं.

कंपनीच्या स्टेनलेस लाइनला मात्र टिगच. पातळ पाइपवर उष्णता हाताच्या ताब्यात राहते, आत स्लॅग पडत नाही. ३०४ ला ३०८एल, ३१६ ला ३१६एल फिलर वापरा. पाइपच्या आतूनही आर्गन सोडा. नाहीतर जॉइंटच्या आत काळा, खरबरीत थर येतो, तिथे गंज धरतो आणि जॉइंट कापून पुन्हा करावा लागतो. हा आतला आर्गन कोटेशनमध्ये धरला नाही, तर नफा तिथेच गेला!

सुरुवातीला टिग आणि आर्क दोन्ही होणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन बघा. आधी तुकड्यांवर हात बसवा, जॉइंट उभा चिरून आतून तपासा. मगच ऑर्डर घ्या.