घड्याळ मनगटावर, भरवसा कुणावर?

घड्याळ हा शब्दच मुळी घटिकेच्या कुळातला. बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर तरंगत ठेवायचे आणि ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, झाली असे समजायचे. लग्नमंडपात मांडलेले घटिकापात्र पाहिलेली माणसे अजूनही घराघरांत आहेत. काळ मोजण्याचे आपले जुने साधन असे पाण्यातच बसलेले होते. पुढे मनगटी घड्याळ आले आणि त्याला पाण्यापासून जपण्याची पाळी आली. मॅट्रिक झालेल्या मुलाला किंवा बोहल्यावर चढणाऱ्या जावयाला मिळालेले एचएमटीचे घड्याळ आंघोळीपूर्वी काढून कोनाड्यात ठेवायचे, हा घरोघरचा शिरस्ता होता. सकाळी एकदा किल्ली दिली की त्याचे मागणे संपे आणि सांगणेही एवढेच असे : किती वाजले.

आताचे घड्याळ पुन्हा पाण्यात उतरले आहे. ते पोहताना हात किती वेळा पडला ते मोजते, सायकलवर चढ किती होता ते सांगते, धावताना नाडी पाहते आणि रात्री झोप कशी लागली याचाही हिशेब सकाळी पुढ्यात टाकते. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या शहरांतल्या कितीतरी घरांत हल्ली पहाटे साडेचारला गजर होतो. घरातला मुलगा, सून किंवा पन्नाशीला टेकलेले वडील ट्रायथलॉनची तयारी करीत असतात. महिना-दोन महिने झाले की एक प्रश्न हमखास निघतो. हातात स्मार्टवॉच आहेच, त्यावर भागेल, की खास खेळाडूंसाठी बनवलेले वेगळे घड्याळ घ्यावे? मामला वीस-पंचवीस हजारांपासून थेट लाखाच्या घरात जाणारा. त्यामुळे हा प्रश्न एकट्याचा राहत नाही, तो घराचा होतो.

एका वादातून जन्मलेली शर्यत

आधी खेळ समजून घेऊ. पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता करायचे, म्हणजे ट्रायथलॉन. या नावाची आधुनिक शर्यत १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे झाली. पण तिला कीर्ती मिळाली ती हवाईमुळे. सर्वांत तंदुरुस्त कोण, पोहणारा, सायकल मारणारा की धावणारा, असा तिथे वाद निघाला. तो मिटवण्यासाठी अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जुडी यांनी एक शर्यत योजली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन! १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले आणि १२ जण शेवटपर्यंत पोहोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या साथीदारांकडचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांनी त्याला चक्क बियर पाजली, हा किस्सा या खेळात आजही सांगितला जातो.

त्या बारा जणांपैकी कुणाच्याही मनगटावर नाडी मोजणारे किंवा उपग्रहाशी बोलणारे यंत्र नव्हते. ते असणे शक्यही नव्हते. जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रहच मुळी त्या शर्यतीनंतर चार दिवसांनी, २२ फेब्रुवारी १९७८ रोजी आकाशात गेला.

पुढे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशा आटोपशीर रूपात हा खेळ २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये आला. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी झुरिचची पूर्ण अंतराची शर्यत पार केली, तेव्हा ‘आयर्नमॅन’ हा शब्द घराघरांत गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची, आयर्नमॅन शर्यत भरली आणि परदेशवारीच्या खर्चाची सबब उरली नाही.

दोन कुळे, दोन स्वभाव

घड्याळांची कुळे दोन. पहिले कुळ खेळाच्या मैदानात वाढलेले. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली छातीला पट्टा आणि मनगटावर घड्याळ अशी बिनतारी नाडीमापनाची जोडी बाजारात आणली. टायमेक्सचे ‘आयर्नमॅन’ घड्याळ १९८६ चे. गार्मिनने २००३ साली फोररनर मालिका सुरू केली आणि २००९ साली तिच्यातले ३१० एक्सटी हे घड्याळ आले. ते पाण्यात चालणारे होते, तिन्ही खेळ एकाच नोंदीत जोडणारे होते आणि त्याची बॅटरी वीस तास टिके. फोन नाही, निरोप नाही, दिसायलाही ओबडधोबड. पण काम चोख.

दुसरे कुळ फोनच्या पोटी जन्मलेले. ॲपलचे घड्याळ २०१५ साली विक्रीला आले ते मुख्यतः निरोप दाखवण्यासाठी. पोहण्याजोगे आणि स्वतःचे जीपीएस असलेले ते २०१६ मध्ये झाले. पोहणे, सायकल, धावणे ओळीने एकाच नोंदीत जोडण्याची सोय त्यात २०२२ साली आली. त्याच वर्षी आलेल्या ‘अल्ट्रा’ या थोरल्या भावाची भारतातली किंमत होती ८९,९०० रुपये. म्हणजे ही दोन कुळे आता एकमेकांच्या अंगणात आली आहेत. खेळाची घड्याळेही फोनचे निरोप दाखवतात, रंगीत पडदे मिरवतात. तरीही स्वभाव बदललेला नाही, आणि तो कळतो कसोटीच्या वेळी.

पाण्यातली परीक्षा

पहिली कसोटी पाण्याची. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याला पाण्याचा थेंब आणि माणसाचे बोट यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून पोहताना स्मार्टवॉच आपला पडदा कुलूपबंद करून घेते. खेळाच्या घड्याळाला कडेला चार-पाच खरीखुरी बटणे असतात. ओल्या, सुरकुतलेल्या, थरथरत्या बोटांनाही ती न पाहता सापडतात. शर्यतीत हे फार महत्त्वाचे. पोहून बाहेर येणे, सायकल घेणे, सायकल ठेवणे, बूट चढवणे या बदलांच्या वेळेलाही शर्यतीचे घड्याळ थांबत नाही. जाणकार त्याला या शर्यतीतला चौथा खेळच म्हणतात. तिथे एक बटण दाबले की पुढचा टप्पा सुरू, हे सुख पडद्यावर बोट घासत बसण्यात नाही. स्मार्टवॉच हालचालीवरून बदल आपोआप ओळखण्याचा प्रयत्न करते. बरेचदा ते जमते. पण ‘बरेचदा’ हा शब्द शर्यतीच्या दिवशी टोचतो.

एक गोष्ट मात्र दोघांनाही जमत नाही. उपग्रहाचे संदेश पाण्याखाली पोहोचत नाहीत. समुद्रात हात पाण्याबाहेर येतो तेवढ्या क्षणांत घड्याळ आपली जागा टिपते आणि मधली रेघ अंदाजाने ओढते. तरणतलावात तर ते जीपीएस वापरतच नाही. आपण सांगितलेल्या लांबीला वळणांच्या संख्येने गुणते. २५ मीटरच्या तलावात चुकून ५० मीटर भरले, तर अंतर दुप्पट दिसेल आणि पोहणाऱ्याला उगीच मूठभर मांस चढेल. फळी धरून नुसते पाय मारले तर हात स्थिर म्हणून घड्याळाच्या लेखी तो माणूस पोहलाच नाही!

बॅटरीचा हिशेब

दुसरी कसोटी दमाची, घड्याळाच्या दमाची. ॲपलच्या नेहमीच्या घड्याळाची बॅटरी १८ तासांची, असे कंपनी अनेक वर्षे सांगत आली. पण त्या हिशेबात व्यायाम फार तर तासाभराचा धरलेला. जीपीएस आणि नाडीमापन सलग चालू ठेवले तर हे तास निम्म्याहून खाली येतात. निम्म्या अंतराच्या आयर्नमॅनला साधारण साडेआठ तासांची आणि पूर्ण अंतराला साधारण १७ तासांची मुदत असते. सात-आठ तास घेणाऱ्या हौशी स्पर्धकाचे घड्याळ शेवटच्या पाच किलोमीटरांत मान टाकू शकते, आणि वेगाचा आधार हवा असतो तो नेमका तिथेच. खेळाची घड्याळे मात्र एकदा चार्ज केली की कित्येक दिवस पुरतात. रोज रात्री घड्याळ चार्जरला टांगणाऱ्याला झोपेची नोंद मिळणार कुठून?

नियमांचेही एक कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आयर्नमॅनच्या शर्यतीत स्मार्टवॉच बांधायला मनाई नाही. पण त्यावरून फोन घेतला, निरोप धाडला किंवा गाणी ऐकली तर स्पर्धक बाद ठरू शकतो. ज्या गुणांसाठी ते घेतले, ते शर्यतीत गुंडाळून ठेवायचे!

नाडीचे गणित

तिसरी आणि सर्वांत नाजूक कसोटी हृदयाची. मनगटावरची दोन्ही प्रकारची घड्याळे हिरवा प्रकाश कातडीवर टाकतात. रक्त तो शोषून घेते, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांवरून ठोके मोजले जातात. हात स्थिर असेल तर हे ठीक चालते. पण पट्टा सैल असला, सायकलचे हँडल आवळून धरले, खड्ड्यांतून हादरे बसले की आकडे भरकटतात. धावताना तर काही वेळा घड्याळ पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजते. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत्-संदेश टिपतो, म्हणून तो अधिक विश्वासाचा. दोन ते दहा हजारांतला हा पट्टा कुठल्याही महागड्या घड्याळापेक्षा तयारीत अधिक उपयोगी पडतो. बहुतेक स्मार्टवॉचनाही तो ब्लूटूथने जोडता येतो.

त्यापुढचा घोटाळा सूत्राचा. २२० मधून वय वजा केले की कमाल ठोके मिळतात, हे १९७० च्या दशकापासून चालत आलेले गणित. पुष्कळ घड्याळे त्यावरच आपले रंगीत पट्टे आखतात. पण माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. २००१ साली सुचवलेले दुसरे सूत्र २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करते. साठीच्या माणसाला पहिले सूत्र १६० सांगते, दुसरे १६६. दोन्ही सरासरीची सूत्रे, आणि सरासरी म्हणजे कुणा एकाची नाडी नव्हे.

त्यात आपली हवा. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, कातडी गार ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते आणि त्याच वेगाला ठोके दहा-पंधराने वाढतात. घड्याळाला वाटते की दम कमी झाला. ‘तयारी घसरली’ असा शेरा ते मारते आणि बिचारा मुंबईकर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावतो. ही खरी जोखीम. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजण्यासाठी ६ ते २० अशी एक साधी पट्टी तयार केली. तीत माणसाने स्वतःच सांगायचे की किती जड जाते आहे. इतक्या यंत्रांनंतरही ती पट्टी कालबाह्य झालेली नाही. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येते का हे पाहणे. आले तर चाल हलकी, शब्द तुटू लागले तर जोराची.

घरच्यांची बाजू

एका बाबतीत मात्र स्मार्टवॉचचे पारडे जड आहे आणि ते घरच्यांच्या दृष्टीने मोलाचे आहे. पहाटेच्या अंधारात जुन्या महामार्गावर एकटा सायकल मारणारा माणूस पडला, तर ॲपलच्या घड्याळात २०१८ पासून पडणे ओळखून मदत मागण्याची सोय आहे. स्वतःचे सिम जोडणी असलेले घड्याळ फोन घरी राहिला तरी संपर्क साधते. खेळाच्या पुष्कळ घड्याळांतही अपघात ओळखण्याची सोय असते, पण त्यासाठी बहुधा फोन खिशात लागतो. वाट पाहणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता देणारा हा गुण कमी लेखू नये.

पण इथेही मर्यादा आहे. मनगटावर ईसीजी काढणारे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे ते बनवणारी कंपनीच सांगते. छातीत दुखत असताना, ताप उतरून दोन दिवस झाले नसताना किंवा रात्रभर जागरण झालेले असताना घड्याळावर हिरवा रंग दिसला म्हणून बाहेर पडणे हा शहाणपणा नव्हे. घरच्यांनी ‘आज राहू द्या’ म्हटले, तर तोही एक आकडाच समजावा.

मग घ्यावे कोणते?

पहिले वर्ष, छोटी शर्यत, आठवड्याला पाच-सहा तासांचा सराव, एवढाच बेत असेल तर हातातले स्मार्टवॉच पुरे. त्याला छातीच्या पट्ट्याची जोड द्यावी. निम्म्या अंतराकडे किंवा त्याहून पुढे जायचे असेल, तर बटणांचे, लांब दमाचे, तिन्ही खेळ जोडणारे घड्याळ घ्यावे. घेताना नीट विचारावे, कारण धावण्यासाठीच्या सगळ्याच घड्याळांत ही सोय नसते. सर्वांत महागडे घेण्याचे मात्र कारण नाही. २०२० साली आलेल्या कोरोस पेस २ या घड्याळाची अमेरिकेतली किंमत २०० डॉलर होती आणि त्यात ट्रायथलॉनची सोय होती. ॲपलचे घड्याळ घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की त्याला फोनही ॲपलचाच लागतो. नाहीतर घोड्यापेक्षा नाल महाग पडायची.

आणि पैसे मोजके असतील तर क्रम असा लावावा : चाळिशी उलटली असल्यास आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग डोक्याला चांगले हेल्मेट, मापाचे बूट, समुद्रात पोहायला शिकवणारा जाणता गुरू, आणि या सगळ्यांनंतर घड्याळ. तोवर आहे त्यावर भागवावे. दुकानातले घड्याळ पुढच्या वर्षीही तिथेच असेल, आणि बहुधा थोडे स्वस्तही.