‘वात’ या शब्दाआडचे आजार : संधिवातविषयक रुग्णाधारित संशोधन आणि भिगवणची पाहणी

बीजसंज्ञा : संधिवात, आमवात, स्वयंप्रतिकार, सामुदायिक पाहणी, औषध-चाचणी, भिगवण, अहिल्यानगर जिल्हा

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात ‘वात’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला जातो. उतारवयातील गुडघेदुखी, खुरपणीनंतर धरलेली कंबर, बाळंतपणानंतर सुजलेली बोटे आणि तरुण मुलाचा ताठलेला कणा या सर्वांना समाज एकाच नावाने ओळखतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे आजार परस्परांहून भिन्न आहेत. काहींना विश्रांती व व्यायाम पुरेसा होतो, तर काहींमध्ये पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार न मिळाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. एका शब्दाने झाकलेला हा भेद उलगडून दाखवणे हे संधिवातविषयक रुग्णाधारित संशोधनाचे, म्हणजेच क्लिनिकल रिसर्चचे, पहिले काम होय. हे काम प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णाच्या उंबरठ्यावर विचारलेल्या प्रश्नापासून सुरू होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत, भीमेपलीकडे असलेल्या भिगवण (ता. इंदापूर, जि. पुणे) येथे १९९६ साली झालेल्या पाहणीचा आधार घेतला आहे.

झीज आणि दाह : मूलभूत भेद

सांधेदुखीची ढोबळमानाने दोन कारणे संभवतात. पहिले कारण झिजेचे. वय, वजन आणि श्रम यांमुळे सांध्यातील कूर्चा झिजते. हालचाल केली की दुखते, बसले की बरे वाटते. दुसरे कारण दाहाचे. यात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा जंतूंऐवजी स्वतःच्याच पेशीजालावर हल्ला करते. अशा आजारांना स्वयंप्रतिकार किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. त्यांतील प्रमुख आजार म्हणजे आमवात, अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात सांध्याच्या आतील अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू शेजारचे हाड व कूर्चा कुरतडू लागते.

आमवाताची लक्षणे झिजेच्या नेमकी उलट असतात. सकाळी उठल्यावर हाताची बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही. ही ताठरता अर्धा-एक तास किंवा त्याहून अधिक टिकते आणि काम सुरू केल्यावर कमी होते. दोन्ही हातांचे लहान सांधे बहुधा सारखेच सुजतात. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि तो ऐन कर्त्या वयातही सुरू होतो. भाकरी थापणे, धार काढणे, खुरपे धरणे ही कामे बोटांच्या सांध्यांवर अवलंबून असल्याने या आजाराचा पहिला आघात स्त्रीच्या दैनंदिन श्रमावर होतो.

याच गटात अन्य आजारही आहेत. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये प्रामुख्याने तरुणांची कंबर पहाटे ताठते व हालचालीने मोकळी होते. ल्युपस बहुधा तरुण स्त्रियांना होतो आणि त्वचा, सांधे यांबरोबर मूत्रपिंडावरही परिणाम करतो. सोरायसिस या त्वचारोगाबरोबरही सांध्यांचा दाह उद्भवू शकतो. हे सर्व आजार ‘वात’ या एका शब्दात सामावले की त्यांचे निदान लांबते.

भिगवणची पाहणी

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवरून समाजातील आजाराचे खरे प्रमाण कळत नाही. कारण रुग्णालयात तोच येतो ज्याला प्रवास, पैसा आणि सोबत उपलब्ध असते. ही उणीव भरून काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना इलार यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ हा कार्यक्रम आखला. संधिवाती आजारांचे समाजाभिमुख नियंत्रण हा त्याचा हेतू. विकसनशील देशांत महागड्या तपासण्यांविना, घरोघरी जाऊन, साध्या प्रश्नावलीच्या आधारे पाहणी करणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

पुण्यातील सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली भिगवण येथे या पद्धतीने पाहणी केली. तिचे तीन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन प्रत्येक प्रौढ व्यक्तीला वेदनेविषयी विचारले. दुसऱ्या टप्प्यात ज्यांना वेदना होती त्यांच्याकडून मानवी आकृतीच्या चित्रावर वेदनेच्या जागा नोंदवून घेतल्या. त्रास किती, कोणती कामे अडतात, उपचार कोणते घेतले हे विचारले. तिसऱ्या टप्प्यात तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासणी केली. मूळ आराखड्यात हे टप्पे एकामागून एक येतात. भिगवणला ते समांतर चालवले गेले. त्यामुळे वेदनेची नोंद आणि तपासणी यांतील अंतर कमी झाले.

या पाहणीत ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे १८.२ टक्के लोकांनी, सांधे, स्नायू वा कण्याची वेदना सांगितली. गुडघे आणि कंबर या प्रमुख जागा होत्या. झिजेचा संधिवात सुमारे ५.८ टक्के प्रौढांत आढळला, तर स्नायू व स्नायुबंध यांच्या दुखण्याचे प्रमाण सुमारे ५.५ टक्के होते. आमवाताचे प्रमाण होते सुमारे ०.५ टक्के.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. वेदना सार्वत्रिक आहे आणि तिचा मोठा भाग श्रम, झीज व शरीराच्या ताणाशी निगडित आहे, हा पहिला. दुसरा असा की, सांधे उद्ध्वस्त करणारा आजार तुलनेने अल्प आहे. परंतु तो त्याच वेदनेच्या गर्दीत मिसळलेला आहे. दर हजारी पाच प्रौढ ही संख्या किरकोळ नव्हे. हरियाणातील बल्लभगढ भागात डॉ. ए. एन. मालवीय यांच्या गटाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हे प्रमाण ०.७५ टक्के होते. आमवात हा थंड, पाश्चात्त्य देशांचा आजार आहे, हा समज अशा पाहण्यांमुळे टिकत नाही.

प्रश्नाची भाषा

संशोधनात मोजमापाचे साधन समाजाला अनुरूप नसेल तर निष्कर्ष फसवे ठरतात. आमवाताच्या रुग्णाची कार्यक्षमता मोजण्यासाठी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० च्या सुमारास एक प्रश्नावली विकसित झाली. बाथटबमध्ये आंघोळ करता येते का, मोटारीचे दार उघडता येते का, असे प्रश्न तीत होते. कर्जत वा पाथर्डीतील शेतकरी स्त्रीच्या बाबतीत या प्रश्नांना अर्थ नाही. म्हणूनच भारतीय संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या रूपात साडी वा धोतर नेसणे, शौचास उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालणे, रिक्षात चढणे-उतरणे, भाजीबाजार करणे, तीन किलोमीटर चालणे अशा कृतींचा समावेश झाला.

हा केवळ भाषांतराचा प्रश्न नव्हता. गुडघ्याच्या आजारात मांडी मोडणे ही आपल्याकडे पहिली तक्रार असते. परदेशी प्रश्नावलीत ती नोंदलीच जात नाही. समाजशास्त्र, भाषा आणि गृहविज्ञान या विषयांच्या अध्यापकांना वैद्यकीय संशोधनात नेमके कोठे स्थान आहे, याचे उत्तर येथे सापडते.

निदानाच्या निकषांतही असाच बदल झाला. १९८७ च्या निकषांत क्ष-किरण चित्रात दिसणारी हाडांची झीज आणि त्वचेखालील गाठी यांचा समावेश होता. म्हणजे काही चिन्हे नुकसान झाल्यावरच दिसणारी होती. २०१० च्या निकषांनी सुजलेल्या सांध्यांची संख्या व स्थान, रक्तातील प्रतिपिंडे, दाहदर्शक तपासण्या आणि सहा आठवड्यांचा कालावधी यांना महत्त्व दिले. हा कालावधी महत्त्वाचा आहे. कारण विषाणूजन्य आजारांतही सांधे सुजतात. २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली आणि महाराष्ट्र अधिक बाधित राज्यांपैकी एक होता. अनेकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले. त्यांतील प्रत्येकाला आमवात ठरवणे जसे चूक, तसे प्रत्येक सुजेला ‘चिकुनगुनिया राहिला’ म्हणून सोडून देणेही घातक.

औषध-चाचणीचे तर्कशास्त्र

सांधेदुखी स्वभावतः कमी-जास्त होते. रुग्ण उपचारास येतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही दिले तरी काही काळ उतार पडू शकतो. त्यामुळे ‘मला गुण आला’ हा अनुभव खरा असला तरी औषध गुणकारी असल्याचा तो पुरावा ठरत नाही. यासाठी रुग्णांची यदृच्छ विभागणी करून एका गटास औषध व दुसऱ्यास तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य देतात आणि कोणास काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून गुप्त ठेवतात.

पुण्यातील याच संशोधनगटाने २००० साली प्रसिद्ध केलेली एक चाचणी या दृष्टीने उद्बोधक आहे. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ व हळद यांपासून केलेले औषध आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे तपासण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणा दिसली. सांध्यांची सूज औषधाच्या गटात अधिक उतरली. पण बहुतेक मापदंडांवर दोन गटांतील फरक निर्णायक ठरला नाही. निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांनाही लक्षणीय बरे वाटले होते. तुलनेचा गट नसता तर या चाचणीने पूर्ण यशाची ग्वाही दिली असती. आयुर्वेदीय औषधालाही तीच कसोटी लावावी आणि उत्तर जसे येईल तसे प्रसिद्ध करावे, हा या चाचणीचा धडा आहे.

उपचारांचा इतिहास हेच सांगतो. अमेरिकेत १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन वापरले तेव्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पुढे हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, जंतुसंसर्ग हे दुष्परिणाम उघड झाले. आजही नाव नसलेल्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार घडतो तेव्हा तीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी.

कर्करोगासाठी विकसित झालेले मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत आमवातास रोखते, हे १९८५ च्या सुमारास झालेल्या नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध केले. या वर्गातील औषधांच्या शोधात आंध्रचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोलाचा वाटा होता. हे औषध स्वस्त आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. नेहमीच्या सवयीने ते रोज घेतल्यास जीवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव मराठीत लिहिणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये दाह घडवणारा टीएनएफ हा घटक रोखून दाखवला. १९९४ च्या नियंत्रित चाचणीने ते सिद्ध झाले. परंतु या औषधांमुळे सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. भारतासारख्या देशात उपचारापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य ठरते ती यामुळेच.

जिल्ह्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५.४ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३० लाख प्रौढ धरले आणि भिगवणचे प्रमाण लावले, तर आमवाताचे सुमारे १५ हजार रुग्ण संभवतात. हा केवळ अंदाज आहे. पण समस्येचा आवाका त्यातून कळतो.

अशा पाहणीसाठी लागणारा वारसा जिल्ह्याकडे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातील अल्पशिक्षित स्त्रियाही प्रशिक्षणानंतर आरोग्याचे काम समर्थपणे करू शकतात हे दाखवून दिले. ‘सकाळी मूठ वळते का? किती वेळाने वळते?’ हे दोन प्रश्न विचारण्यासाठी पदवीची गरज नाही.

मात्र जिल्ह्याचे वास्तव लक्षात घ्यावे लागेल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. हिवाळ्यात घरोघरी केलेल्या पाहणीत सर्वाधिक शारीरिक श्रम करणारा हा वर्गच गळेल. औषध-चाचणीत तर दर महिन्याची तपासणी आवश्यक असते. जो रुग्ण चार-पाच महिने दूर असतो, तो चाचणीतून आणि उपचारातूनही सुटतो. शिवाय सहभागासाठी घेतलेली संमती समजून दिलेली असली पाहिजे. भारतात औषध-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी २००७ पासून सुरू झाली आणि २०१९ च्या नियमांनी सहभागी व्यक्तींचे संरक्षण व भरपाई यांविषयी तरतुदी स्पष्ट केल्या. तथापि इंग्रजीतून यांत्रिकपणे उतरवलेले मराठी संमतिपत्र हे समजूत नव्हे, केवळ सही मिळवते.

निष्कर्ष

१. ग्रामीण भागातील सांधेदुखीचा मोठा भाग झीज व श्रम यांतून येतो. स्वयंप्रतिकार आजार अल्प असले तरी अधिक विनाशक आहेत.
२. दोहोंतील पहिला भेद महागड्या तपासणीने नव्हे, तर सकाळच्या ताठरतेविषयीच्या योग्य प्रश्नाने होतो.
३. प्रश्नावली, निकष व संमतिपत्रे लोकांच्या जगण्याशी आणि भाषेशी जुळणारी असावीत. या कामी महाविद्यालयीन अध्यापकांचे साहाय्य उपयुक्त ठरेल.
४. कोणत्याही पद्धतीच्या औषधास तुलनात्मक चाचणीची कसोटी समान लागू व्हावी.

भिगवणच्या पाहणीत आमवाताचे जे थोडे रुग्ण आढळले, ते आधीही गावातच होते. कोणी घरी जाऊन विचारले म्हणून ते मोजले गेले. आपल्या वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीची आई ‘वाताने’ हात धरल्याचे सांगत असेल, तर दुखणे किती दिवसांचे, सकाळी की संध्याकाळी अधिक, सूज आहे का, एवढे विचारून तिला वेळेत तज्ज्ञाकडे पाठवणे आपल्या हाती आहे. काही महिन्यांचा विलंब टळला तर ते हात पुढील अनेक वर्षे काम करत राहू शकतात.