कागद एक, रूपं अनेक : मोडी लिप्यंतरं साठवताना

मोडी कागदाचं बाळबोधीत लिप्यंतर करणारा माणूस एकाच बैठकीत दोन कामं करतो. तो अक्षरं लावतो आणि ती लावताना शेकडो बारीक निर्णय घेतो. हा शब्द नक्की, तो अंदाजाने. इथे कसर लागून दोन अक्षरं गेली. हे ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. पहिलं काम टंकून होतं, फाइल तयार होते. दुसरं बहुधा वहीच्या समासात किंवा त्या माणसाच्या डोक्यातच राहतं. मोडी वाचणारे आता किती उरलेत ते ग्वाल्हेर-लष्करात काय किंवा इंदूर-बडोद्यात काय, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे दुसरं काम फाइलमध्येच कसं उतरवायचं आणि मग त्या एका फाइलमधून छापील पुस्तिका, वेबपान आणि ई-बुक कसं काढायचं, ते इथे मांडतो.

कल्पना नवी नाही. आपल्या दप्तरांत रोजकीर्द असे: त्या त्या दिवशीचा जमाखर्च, घडला तसा. तिच्यातून खातेवार खतावणी निघे, खतावणीवरून तेरीज, आणि वर्षअखेर ताळेबंद. मूळ नोंद एकच, पाहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे तिची मांडणी वेगळी. पण रोजकीर्दीत रक्कम कोणत्या बाबीची ते लिहिलेलं नसेल, तर कितीही हुशार कारकून बसवला तरी खतावणी निघायची नाही.

संगणकाच्या जगात हाच विचार तांत्रिक माहितीपुस्तिकांच्या निमित्ताने पक्का झाला. यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची पुस्तिका छापायची, पडद्यावर दाखवायची, दर आवृत्तीला बदलायची. प्रत्येक रूपासाठी वेगळा मजकूर सांभाळणं परवडेना. तेव्हा मजकुरात ‘हे ठळक, हे तिरपं’ असं न लिहिता ‘हे शीर्षक, ही सूचना, ही आज्ञा’ असं लिहायचं, आणि दिसायचं कसं ते वेगळ्या नियमावलीत ठेवायचं, अशी रीत पडली. एसजीएमएल हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८६ चं. माहितीपुस्तिकांसाठीची डॉकबुक ही पद्धत १९९१ पासूनची, आणि आज सर्रास वापरलं जाणारं एक्सएमएल १९९८ चं. जुन्या कागदपत्रांच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनी १९८७ मध्ये याच वाटेने टीईआय नावाचा उपक्रम सुरू केला. आपल्या कामाला तोच सगळ्यात जवळचा. फाटकी जागा, संशयित वाचन, संपादकाने भरलेलं अक्षर, संक्षेप आणि त्याचा विस्तार, व्यक्ती, स्थळ, तारीख, या सगळ्यांसाठी त्यात ठरलेल्या खुणा आहेत.

तारखेचंच पाहा. समजा एका पत्रावर ‘छ ५ रबिलावल, सन सलास समानीन मया व अलफ’ असं आहे. सलास तीन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन ११८३. यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, हे आपण सगळे पाठ म्हणतो. पण शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. त्या वर्षीचा रबिलावल फेब्रुवारीत पडतो, तेव्हा हे पत्र फेब्रुवारी १७८३ चं. कुणी डोळे मिटून ५९९ धरले तर ते १७८२ च्या फेब्रुवारीत जाऊन बसेल. सालबाईचा तह १७ मे १७८२ चा. म्हणजे तहानंतरचं पत्र तहाआधीचं ठरेल, आणि त्यावरून काढलेले निष्कर्षही उलटे होतील!

म्हणून फाइलमध्ये दोन्ही ठेवायचं: कागदावरची अक्षरं जशीच्या तशी, आणि त्यांना बांधलेली इसवी तारीख. छापताना नियमावली ती तळटीपेत टाकेल, वेबवर तिच्यावरून पत्रं कालक्रमाने लागतील. गणित चुकलेलं आढळलं तर एके ठिकाणी दुरुस्त करायचं. पुस्तिका आणि वेबपान पुन्हा काढलं की दोन्हीकडे बरोबर.

नावांचंही तसंच. एका पत्रात ‘महादजी शिंदे’, दुसऱ्यात नुसतं ‘पाटीलबावा’. शोधपेटीत ‘महादजी’ टाकणाऱ्याला दुसरं पत्र कधीच सापडणार नाही. दोन्ही ठिकाणी एकाच व्यक्तीची खूण असेल तर सूची आपोआप एका नोंदीखाली दोन्ही पत्रं दाखवते. मात्र खूण माणसानेच करायची. पत्रातले ‘पाटील’ महादजी की गावचे पाटील, हे संदर्भ वाचणाऱ्यालाच कळतं.

संशयित शब्दाला छापील पानावर चौकोनी कंस आणि प्रश्नचिन्ह, वेबवर तुटक अधोरेखा, त्यावर बोट ठेवलं की पर्यायी वाचन. शाळकरी मुलांसाठी सोपी प्रत काढायची असेल तर संक्षेप फोडून दाखवायचे आणि खुणा लपवायच्या. लपवायच्या, पुसायच्या नाहीत. माझ्या मते सगळ्या प्रकाराचा जीव इथेच आहे.

आता देवनागरीच्या खास अडचणी. पीडीएफ हे छापण्यासाठी उत्तम, साठवण्यासाठी वाईट. त्यात अक्षरांच्या आकृत्या जागच्या जागी ठेवलेल्या असतात. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी पण युनिकोडमध्ये साठवली जाते नंतर, म्हणून पीडीएफमधून ‘शिंदे’ उचलून दुसरीकडे चिकटवलं की पुष्कळदा भलतंच काही येतं. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेल्या फाइलींची गत त्याहून बिकट: आत रोमन अक्षरांचे संकेत, वर देवनागरीचा मुखवटा, फॉन्ट गेला की मजकूर गेला. अशा फाइली आधी युनिकोडमध्ये आणून मूळ कागदाशी ताडून पाहाव्या लागतात, कारण परिवर्तकं जोडाक्षरांत आणि रफारात हमखास अडखळतात.

सूचीचा क्रमही सांगावा लागतो. मराठी कोशांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संगणकाला तसं न सांगितल्यास तो ळ ला ल च्या पाठोपाठ आणि क्ष ला क मध्ये बसवतो, आणि क्षीरसागर काळ्यांच्या शेजारी जातात.

मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडात आल्यापासून बाळबोध प्रतीवरून मोडी प्रत काढणंही शक्य झालं आहे. अभ्यासवर्गांना ती सरावासाठी उपयोगी पडेल. पण हा रस्ता एकतर्फी आहे. मोडी लिहिणारे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत, तेव्हा बाळबोधीतून मोडीत जाताना तो गळतो आणि परतताना यंत्राला तो भरून काढता येत नाही. शिवाय ही मोडी फॉन्टाची, कुणा कारकुनाच्या हातची नव्हे. तिच्यावर सराव झालेल्याने मूळ कागद हाती घेतला की पहिले काही दिवस डोळे फिरणारच.

सुरुवात करणाऱ्यांनी सगळ्या खुणा एकदम शिकायच्या भानगडीत पडू नये. तारीख, व्यक्ती, स्थळ, संशयित आणि फाटलेलं, एवढ्या पाच पुरेत. बाकीच्या नंतर कुणीही घालू शकतं. संशय मात्र ज्याने कागद समोर ठेवून वाचला त्यानेच, त्याच दिवशी नोंदवावा.