चार ओळींचं वेळापत्रक, बारा महिन्यांचा चार्ट

कारखान्यात ठरावीक काळाने होणाऱ्या चाचण्यांची यादी बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्येच असते. फायर पंप दर महिन्याला चालवून बघायचा, अर्थिंगचा रेझिस्टन्स तिमाहीला मोजायचा, प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन सहामाहीला, चेन ब्लॉकची तपासणी वर्षाला. प्रत्येक चाचणीची एक ओळ आणि त्या ओळीत नाव, सुरुवातीची तारीख, किती महिन्यांनी. मग वरून फर्मान येतं, ‘पॉवर बीआयमध्ये महिनावार चार्ट लावा.’ शीट जोडली जाते, चार्ट उमटतो, आणि एप्रिलमध्ये चारचा एक खांब उभा राहून पुढचे अकरा महिने मोकळे दिसतात.

‘फ्रिक्वेन्सीचा रकाना भरलाय, बाकीचं सॉफ्टवेअरला कळतं’

कळत नाही. दुधाच्या हिशेबात आपण कॅलेंडरवर फक्त खाडे लिहितो, कारण रतीब रोजचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं. चार्ट मात्र समोर असलेल्या ओळी मोजतो. ‘दर तीन महिन्यांनी’ हे शब्द त्याच्या लेखी नुसता मजकूर, त्यातून जुलैची, ऑक्टोबरची, जानेवारीची ओळ आपोआप जन्माला येत नाही. ती आपणच तयार करायची असते.

वरच्या चार चाचण्यांच्या वर्षभरात 12, 4, 2 आणि 1 अशा मिळून 19 ओळी व्हायला हव्यात. पॉवर बीआयच्याच पॉवर क्वेरीत हे काम अवघड नाही. प्रत्येक चाचणीसाठी सुरुवातीच्या तारखेत शून्य अंतर, एक अंतर, दोन अंतरं असे महिने मिळवत तारखांची एक यादी बनवायची, वर्षअखेरीला थांबायचं आणि ती यादी नव्या ओळींमध्ये उलगडायची. मूळ शीटला हात लावायची गरज पडत नाही. काही जण या 19 ओळी हाताने टाइप करतात. वर्षभर ते चालूनही जातं, पण मध्येच एका चाचणीचं अंतर बदललं की कुठली ओळ जुनी आणि कुठली नवी ते कोणालाच सांगता येत नाही.

‘तीन महिने म्हणजे 90 दिवस’

बोलताना ठीक, हिशेबात महाग. 1 एप्रिल 2025 पासून दर 90 दिवसांनी तारखा काढून बघा: 30 जून, 28 सप्टेंबर, 27 डिसेंबर, 27 मार्च. तिमाही चाचणी एका आर्थिक वर्षात पाच वेळा दिसते, तीही ज्या जुलै-ऑक्टोबरमध्ये अपेक्षित होती तिथे नाहीच. म्हणून दिवस न मिळवता महिने मिळवायचे. एक्सेलमध्ये आणि पॉवर बीआयच्या डॅक्स भाषेतही त्यासाठी ‘ईडेट’ आहे.

त्यातही एक खोच आहे. 31 जानेवारीत एक महिना मिळवला की लीप वर्ष नसेल तर 28 फेब्रुवारी येते, कारण 31 फेब्रुवारी नसतेच. आता पुढची तारीख या 28 फेब्रुवारीवरून काढली तर 28 मार्च मिळते, आणि महिनाअखेरची चाचणी कायमची 28 तारखेला जाऊन बसते. मूळ 31 जानेवारीतच दोन महिने मिळवले तर 31 मार्च बरोबर येते. प्रत्येक तारीख मुळापासून मोजायची, आधीच्या तारखेवरून नाही.

अर्थात हा झाला नियोजनाचा हिशेब. कायद्याची मुदत वेगळ्या तऱ्हेने चालते. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 29 वजन उचलणारी यंत्रं, साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी मागत असे. अशा ठिकाणी एप्रिलची तपासणी फेब्रुवारीतच उरकली, तर पुढची मुदत फेब्रुवारीपासून मोजलेली बरी. तेव्हा ‘ठरलेल्या तारखेवरून’ की ‘झालेल्या तारखेवरून’ हे प्रत्येक चाचणीच्या ओळीत लिहून ठेवावं. एकच सूत्र सगळ्यांना लावण्याचा मोह आवरावा.

‘महिन्याचं नाव टाकलं की झालं’

महिन्याचं नाव हा मजकूर असतो आणि मजकूर अकारविल्हे लागतो. इंग्रजी नावं असतील तर एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी. आपलं आर्थिक वर्षही एप्रिलपासूनच सुरू होत असल्यामुळे पहिला खांब बरोबर जागी दिसतो आणि गफलत पटकन लक्षात येत नाही, ही खास आपल्याकडची गंमत. दुसरं म्हणजे वर्ष नसेल तर एप्रिल 2024 आणि एप्रिल 2025 एकाच खांबात जमा होतात. वेगळं डेट टेबल घ्यावं, त्यात ‘एप्रिल 2025’ असं लेबल आणि शेजारी 202504 असा आकडा ठेवावा, आणि लेबल त्या आकड्यानुसार लावावं. चाचणी नसलेले महिने अक्षावरून गळत असतील तर ‘शो आयटम्स विथ नो डेटा’ चालू करावं.

‘एक चाचणी, एक तारीख’

तारखा दोन असतात, ठरलेली आणि झालेली. मार्चची चाचणी मे महिन्यात झाली तर ती कोणत्या खांबात? वेळ पाळली का, हा प्रश्न असेल तर मार्चच्या. मे महिन्यात माणसांवर किती भार पडला, हे बघायचं असेल तर मेच्या. पॉवर बीआयमध्ये डेट टेबलशी दोन्ही तारखा जोडता येतात, पण एका वेळी एकच नातं सक्रिय राहतं. दुसरं ‘यूज रिलेशनशिप’ने त्या-त्या मेझरमध्ये जागं करावं लागतं. झालेली तारीख रिकामी असेल तर ती रिकामीच राहू द्यावी. तिथे ठरलेली तारीख भरून ठेवली की न झालेली चाचणी कागदोपत्री वेळेवर झालेली दिसते, आणि ऑडिटरने प्रमाणपत्र मागितलं की पंचाईत होते.

राहिली टक्केवारी. मेमध्ये 2 पैकी 2 आणि जूनमध्ये 20 पैकी 10 चाचण्या झाल्या, तर 100 आणि 50 ची सरासरी काढून 75 टक्के सांगणारे अहवाल सर्रास फिरतात. खरा आकडा 22 पैकी 12, म्हणजे साधारण 54.5 टक्के. ज्या महिन्यात एकही चाचणी ठरलेली नव्हती तिथे शून्य टक्के लिहिणं हीसुद्धा चूकच. तिथे डॅक्सचं ‘डिव्हाइड’ जागा कोरी सोडतं, ती तशीच कोरी ठेवावी.