इंग्रजी शब्दांचे देशपरत्वे अर्थभेद

इंग्रजी शब्दांचे देशपरत्वे अर्थभेद म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाला ब्रिटन, अमेरिका, भारत इत्यादी देशांत मिळालेले वेगवेगळे अर्थ होत. शब्दाचे रूप तेच राहते, मात्र तो ज्या समाजात वापरला जातो तेथील घरे, व्यवसाय, कायदे आणि चालीरीती यांनुसार त्याचा अर्थ बदलतो. मुंबईत, विशेषतः फणसवाडी, ठाकूरद्वार आदी गिरगाव परिसरातील वाड्या आणि परळ-लालबागचा गिरणगाव येथे असे अनेक शब्द मराठीत रुळले आहेत. बोलणाऱ्यांना ते इंग्रजी वाटतात, परंतु त्यांचा मुंबईतील अर्थ लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये लागू होतोच असे नाही.

कारणे

अर्थभेदाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत. (१) जुना अर्थ टिकून राहणे : मूळ देशात मागे पडलेला अर्थ दुसऱ्या देशात प्रचारात राहतो. (२) अर्थसंकोच किंवा अर्थविस्तार : शब्द अनेक वस्तूंपैकी एकीपुरता उरतो किंवा नव्या वस्तूला लागू होतो. (३) स्थानिक भाषेचा प्रभाव : मराठीत चुलत, आते, मामे व मावस अशी नाती वेगळी असतात आणि भाऊ-बहीण हा भेदही आवश्यक असतो, त्यामुळे 'कझिन ब्रदर' व 'कझिन सिस्टर' ही रूपे रूढ झाली. (४) कायदा व प्रशासन : अधिनियमातील व्याख्येमुळे शब्दाला ठरावीक अर्थ मिळतो.

घर आणि निवास

चाळींच्या वस्तीत घरासंबंधीच्या शब्दांमध्ये हा भेद विशेष जाणवतो. चाळीत एका रांगेतील खोल्यांसमोरून जाणाऱ्या सामाईक मार्गिकेला 'गॅलरी' म्हणतात. आजच्या ब्रिटिश व्यवहारात हा शब्द प्रामुख्याने चित्रांचे दालन किंवा नाट्यगृहातील वरची आसने यांसाठी वापरला जातो. वास्तुशास्त्रातील लांब, आच्छादित मार्गिका हा त्याचा जुना अर्थ आहे आणि चाळीतील वापर त्याच्या अधिक जवळचा आहे.

'ब्लॉक' म्हणजे मुंबईच्या बोलीत स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय असलेले घर. सामाईक शौचालय असलेल्या चाळीतील खोलीहून ते वेगळे आहे हे या शब्दातून सूचित होते. ब्रिटनमध्ये 'ब्लॉक' म्हणजे अनेक घरांची संपूर्ण इमारत, तर अमेरिकी शहरांत चार रस्त्यांनी वेढलेला भूभाग किंवा दोन चौकांमधील अंतर. याच शब्दापासून मुंबईकरांना परिचित 'मेगाब्लॉक' तयार झाला. देखभालीसाठी रेल्वेमार्गावरील वाहतूक काही तास बंद ठेवणे असा त्याचा अर्थ आहे.

'सोसायटी' या शब्दाचा सर्वसामान्य अर्थ समाज किंवा संस्था असा आहे. मुंबईत तो सहकारी गृहनिर्माण संस्था आणि तिची इमारत या दोन्हींसाठी वापरतात. गिरगावालगतच्या गावदेवी येथे 1915 मध्ये स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातील सर्वांत जुन्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक आहे. ब्रिटनमध्ये मात्र 'बिल्डिंग सोसायटी' म्हणजे ठेवी स्वीकारून घरासाठी कर्ज देणारी वित्तसंस्था होय.

मजल्यांच्या गणनेतही भेद आहे. भारतात ब्रिटिश पद्धतीनुसार तळमजल्यावरील मजला 'फर्स्ट फ्लोअर' ठरतो, तर अमेरिकेत जमिनीलगतचा मजलाच सामान्यतः 'फर्स्ट फ्लोअर' मानला जातो. मराठीतील 'तळमजला' या स्वतंत्र शब्दामुळे स्थानिक व्यवहारात संदिग्धता राहत नाही.

कायद्यातील शब्द

मुंबईत 'हॉटेल' म्हणजे मुख्यतः चहा-फराळाचे किंवा जेवणाचे ठिकाण. उडुपी आणि इराणी उपाहारगृहांनाही हाच शब्द लावतात. मुक्कामाच्या ठिकाणासाठी 'लॉज' हा शब्द वापरला जातो. 1947 च्या मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियमात मात्र 'हॉटेल' म्हणजे मोबदला घेऊन राहण्याची सोय करणारी जागा. त्यामुळे एकाच शहरात बोलीतील हॉटेल आणि कायद्यातील हॉटेल वेगवेगळी ठरतात.

'टेनंट' या शब्दातील भेदाचे परिणाम अधिक गंभीर आहेत. सामान्य इंग्रजीत त्याचा अर्थ भाडे देऊन ठरावीक काळ राहणारी व्यक्ती असा समजला जातो. गिरगावातील पागडी पद्धतीच्या चाळींमध्ये टेनंटने किंवा त्याच्या पूर्वजांनी सुरुवातीला मोठी रक्कम दिलेली असते. मासिक भाडे अल्प असते, भाडेहक्क कुटुंबात पुढे चालतो आणि घरमालकाच्या संमतीने, त्याला वाटा देऊन, तो हस्तांतरितही करता येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ने अशी रक्कम घेण्यास कायदेशीर मान्यता दिली. असा टेनंट मालक नसतो, परंतु परदेशी अर्थाने केवळ तात्पुरता भाडेकरूही नसतो. चाळीच्या पुनर्विकासात त्याला मिळणारे घर याच हक्कावर अवलंबून असते. परदेशात स्थायिक झालेल्या वारसांनी पागडीची कागदपत्रे तेथील अर्थाने वाचल्यास हक्काचे स्वरूप चुकीचे समजण्याची शक्यता असते.

गिरणगावातील शब्द

1854 मध्ये कावसजी दावर यांनी सूतगिरणीची कंपनी स्थापन केल्यानंतर मुंबईत कापडउद्योग वाढला. गिरण्यांमध्ये 'जॉबर' हा कामगारांची भरती करणारा आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारा मुकादम असे. कामावर घेण्यासाठी तो दस्तुरी घेई. लंडनच्या शेअरबाजारात मात्र 1986 च्या सुधारणांपर्यंत 'जॉबर' म्हणजे स्वतःच्या खात्यावर समभागांची खरेदी-विक्री करणारा व्यापारी होता, तर अमेरिकेत हा शब्द घाऊक व्यापाऱ्यासाठी वापरला जातो. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबर पद्धतीवर टीका केली. त्या अहवालातील जॉबर समजण्यासाठी गिरणीतीलच अर्थ घ्यावा लागतो.

उलट दिशेनेही शब्दांचा प्रवास झाला. 'चाळ' आणि गैरहजर कामगाराच्या जागी काम करणारा 'बदली' हे शब्द भारतीय इंग्रजीत गेले. 'कंपाऊंड' (आवार) आणि 'गोडाऊन' (गोदाम) यांचे मूळ सामान्यतः मलाय भाषेशी जोडले जाते. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 मधील 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात अशा शब्दांची नोंद आढळते.

दैनंदिन व्यवहार

मुंबईत 'लोकल' म्हणजे उपनगरी रेल्वेगाडी, तर ब्रिटनमध्ये घराजवळचे मद्यगृह. 'पास आउट' याचा भारतातील अर्थ शिक्षण पूर्ण करणे असा आहे, परंतु ब्रिटन व अमेरिकेत त्याचा सामान्य अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो. 'रबर' हा शब्द भारतात व ब्रिटनमध्ये खोडरबरासाठी वापरतात, तर अमेरिकी बोलीत तो निरोधासाठी वापरला जातो. भारतात व ब्रिटनमध्ये 'बिस्किट' म्हणजे कडक, कुरकुरीत पदार्थ, तर अमेरिकेत मऊ, पावासारखा पदार्थ.

परिणाम

अर्थभेदामुळे औपचारिक चर्चेतही गोंधळ होऊ शकतो. बैठकीत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटिश वापरात तो चर्चेला घेणे, तर अमेरिकी वापरात तो पुढे ढकलणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकी अधिकाऱ्यांमध्ये यावरून झालेल्या वादाची हकिकत विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धवृत्तान्तात दिली आहे. दोन्ही पक्षांना तो विषय तातडीने चर्चेला घ्यायचा होता, हे नंतर लक्षात आले. मराठीतील 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' हा शब्दप्रयोग ब्रिटिश अर्थाशी सुसंगत आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने अशा स्थानिक अर्थांना चुकीचे इंग्रजी मानले जात नाही. ज्या समाजात शब्द नियमितपणे वापरला जातो, तेथील अर्थ त्या समाजापुरता प्रमाण असतो. मात्र करारनामा, भाषांतर, वैद्यकीय संवाद किंवा परदेशी पत्रव्यवहार यांत शब्द कोणत्या देशातील अर्थाने वापरला आहे हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

भारतीय इंग्रजी
चाळ
गिरणगाव
पागडी पद्धत
हॉब्सन-जॉब्सन