नव्या पिकअपचे ‘फोर व्हील’ लागत नाही? गाडी खोलण्यापूर्वी हे तपासा



टेंभुर्णी परिसरातली जमीन काळी आणि भारी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि परतीचा पाऊस झाला की तीच जमीन चाकाला गोळ्यासारखी चिकटते. नेमक्या त्याच दिवसांत केळीचा, भाजीचा आणि डाळिंबाचा माल रानातून पुणे-सोलापूर रस्त्यावर आणायचा असतो. म्हणून अलीकडे काही बागायतदार चारही चाकांना ओढ असलेली, म्हणजे आपल्या बोलीत ‘फोर व्हील’ पिकअप घेऊ लागले आहेत. गाडी महाग, डोक्यावर हप्ता, आणि पहिल्याच पावसात ती बांधाजवळ रुतली की वाटते, गाडीतच खोट आहे. मग गावातला मिस्त्री बोलावून गाडी खोलली जाते. हमीच्या मुदतीत असे झाले तर कंपनी हमी नाकारू शकते.

अशा तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी गाडीच्या बिघाडाच्या नसून वापराच्या असतात. खरा बिघाड कोणता आणि चुकीचा वापर कोणता, हे आपल्याला रानातच, पाना न लावता ओळखता येते. ते कसे, ते पाहू.

आधी रचना समजून घ्या

नेहमी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. गिअरबॉक्सला लागून एक दुसरी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. फोर व्हील लावले की ही पेटी इंजिनाची ओढ पुढच्या शाफ्टलाही देते. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी दोन छोट्या दांड्या असत, त्या याच कामाच्या. आता काही गाड्यांत एकच दांडी असते, तर काहींत गोल फिरवायचा खटका. खुणा साधारण सारख्याच :

टू-एच : फक्त मागची चाके. डांबरी आणि सिमेंट रस्त्यासाठी.
फोर-एच : चारही चाके, नेहमीचा वेग. चिखल, वाळू, भुसभुशीत रान यांसाठी.
फोर-एल : चारही चाके, वेग कमी पण ओढ जास्त. रुतलेली गाडी काढणे, खडा चढ, अवघड उतार यांसाठी.

डांबरीवर फोर व्हील का लावू नये?

बहुतेक पिकअपमध्ये फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोघांचे फेरे सारखेच. पण वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. हिशेब करून बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेली गाडी मागच्या चाकांनी ६ मीटर त्रिज्येचा वळसा घेते असे धरू. काटकोनात वळताना मागचा आस सुमारे साडेनऊ मीटर जातो, पुढचा सुमारे साडेदहा मीटर. फरक एक मीटरहून थोडा जास्त, म्हणजे चाकाचा जवळजवळ अर्धा फेरा.

चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. डांबरीवर चाक घसरत नाही, म्हणून तो सगळा पीळ शाफ्ट, जॉइंट आणि दात्यांवर चढतो. स्टिअरिंग जड होते, वळताना गाडी अडखळते, खालून कटकट आवाज येतो, टायर लवकर झिजतात. नवा मालक म्हणतो, गाडी बिघडली. गाडी बिघडलेली नसते. पण असेच चालवत राहिलात तर मात्र खरोखर बिघडेल.

नेहमीच्या चार तक्रारी

१. दांडी लागत नाही. फोर-एच बऱ्याच गाड्यांत चालता चालता लावता येते, पण वेगाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. चाके सरळ असावीत. मागचे चाक जागेवर गरगर फिरत असताना दांडी ओढू नये, दाते घासतात. फोर-एलसाठी गाडी थांबवा, क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला आणा आणि मग दांडी टाका. क्लच न दाबता खटका फिरवला तर काही गाड्या हुकूम मानतच नाहीत. तो बिघाड नव्हे, ती सुरक्षेची सोय आहे. तरीही दाते जुळत नसतील तर गाडी हात-दोन हात पुढे घ्या आणि परत प्रयत्न करा. जोर लावू नका.

२. दांडी निघत नाही. रानातून फोर व्हीलमध्येच पक्क्या रस्त्यावर आलात की वर सांगितलेला पीळ चढतो आणि दांडी सुटेना होते. हातोडी शोधू नका. स्टिअरिंग सरळ करा, गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या आणि मग टू-एच करा. एका बाजूची चाके कच्च्या साइडपट्टीवर घेतली तरी पीळ उतरतो. चांगली सवय म्हणजे डांबरीला लागण्यापूर्वी, रानाच्या तोंडाशीच फोर व्हील काढावे.

३. दिवा लुकलुकतो. समोरच्या पाटीवरचा फोर व्हीलचा दिवा लुकलुकत असेल तर साधारणपणे अर्थ एवढाच की काम अर्धवट झाले आहे. गाडी सरळ थोडी पुढे-मागे केली की दाते बसतात आणि दिवा स्थिर होतो. पुन्हा पुन्हा करूनही लुकलुकत राहिला, किंवा टू-एच केल्यावरही दिवा विझत नसेल, तर गाडी दाखवली पाहिजे.

४. दिवा लागला, पण गाडी हलत नाही. ही तक्रार सर्वांत जास्त फसवी. फोर व्हील म्हणजे चारही चाके प्रत्येक वेळी सारखीच ओढतील असे नव्हे. पुढे आणि मागे एकेक डिफरन्शिअल असतो. साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन चाकांपैकी जे मोकळे सापडेल तेच फिरते. म्हणून पुढचे एक आणि मागचे एक चाक जागेवर फिरत राहते आणि गाडी तिथेच. फोर व्हील लागलेले आहे, फक्त त्या दोन चाकांना पकड नाही. काही गाड्यांत यावर उपाय म्हणून डिफरन्शिअल लॉक असतो. आपल्या गाडीत तो आहे का, हे विकत घेतानाच विचारावे.

रानातली चाचणी

खरा बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. सपाट, ओल्या किंवा भुसभुशीत जागी गाडी सरळ उभी करा आणि फोर-एच लावा. जाणत्या माणसाला बाजूला, गाडीपासून लांब उभे करा. समोर किंवा मागे कोणी थांबू नये. आता हळूच गाडी ओढा.

मागचे चाक जागेवर फिरते आणि पुढचेही निदान एक फिरते : फोर व्हील ठीक आहे. अडचण पकडीची आहे.

मागचे चाक जागेवर फिरते, पण पुढची दोन्ही चाके मेल्यासारखी स्तब्ध : पुढे ओढ पोचत नाही. हा बिघाड असू शकतो.

दुसरा प्रकार दिसला तर आधी पुढच्या चाकांच्या मध्यभागी पाहा. काही गाड्यांत तिथे हाताने फिरवायचा हब असतो. तो दोन्ही चाकांवर ‘लॉक’ला असला पाहिजे. एकच फिरवून दुसरा विसरला तरी पुढची ओढ मिळत नाही. हब आपोआप लागणारे असतील तर हवेच्या ओढीवर चालणाऱ्या रबरी नळ्या निसटल्या आहेत का ते बघा. खटक्यावर चालणाऱ्या गाडीत फ्यूज आणि वायरीची जोडणी बघा. ऊसपट्ट्यात उंदीर फार. फडाजवळ महिनाभर उभ्या राहिलेल्या नव्या गाडीची वायर त्यांनी कुरतडली असेल तर दोष कंपनीचा नव्हे.

एक इशारा : एक चाक जॅकवर उचलून फोर व्हील लावून गिअर टाकू नये. बाकीची चाके ओढ घेतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते. रुतलेल्या गाडीखाली डोके घालू नये.

टायर सारखे ठेवा

पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर टाकले तरी वर सांगितलेला पीळ चढतो, तोही सरळ रस्त्यावर. ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे घेते, ६९ सेंटिमीटरचे सुमारे ४६१. सेंटिमीटरभर फरकाने किलोमीटरला सहा-सात फेऱ्यांचा झगडा! चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच मेकचे घ्या, हवा पुस्तकाप्रमाणे ठेवा, वेगळ्या मापाची स्टेपनी लावून फोर व्हील वापरू नका.

गाडी रुतली तर

ॲक्सिलेटर दाबून चाक गरगर फिरवू नका. प्रत्येक फेऱ्याला गाडी खाली जाते. चाकापुढची माती फावड्याने मोकळी करा, खाली दगड, फळी किंवा पाचट द्या, फोर-एल लावून हळू काढा. मात्र वाळल्या पाचटावर गाडी चालू ठेवून उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी जाळताना तो भाग आणखी तापतो आणि पाचट पेट घेऊ शकते. ट्रॅक्टरने ओढायची झाल्यास साखळी बंपरला नव्हे, ओढण्याच्या हुकालाच बांधा आणि माणसे लांब ठेवा.

ओढ्याच्या किंवा कालव्याच्या खोल पाण्यातून गाडी गेली तर ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचे तेल तपासून घ्या. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ते लगेच बदला. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर फोर व्हील चालवा, म्हणजे भाग अडकून बसत नाहीत.

फोर व्हील ट्रॅक्टर असलेल्यांनीही यातून घ्यावे. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन डांबरीवर जाताना पुढची ओढ काढा, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतील.

शोरूमला नेताना

इतके करूनही दोष राहिला तर गाडी कुठेही न खोलता शोरूमला न्या. ‘फोर व्हील चालत नाही’ एवढेच सांगू नका. किती किलोमीटर झाले, दांडी कोणत्या खुणेवर होती, दिवा कसा होता, कोणते चाक फिरत होते, हे जॉबकार्डावर लिहून घ्या आणि प्रत मागा. मोबाइलवर चाचणीचे चित्रण असेल तर उत्तम. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तिथे तोच जॉबकार्डाचा कागद उपयोगी पडतो.

हे लक्षात ठेवा

• डांबरीवर टू-एच, चिखलात फोर-एच, रुतल्यावर फोर-एल.
• दांडी अडली तर जोर नको, गाडी सरळ मागे घ्या.
• मागचे फिरते आणि पुढची दोन्ही स्तब्ध, तरच बिघाडाचा संशय.
• चारही टायर सारखे.
• हमीच्या मुदतीत बाहेर गाडी खोलू नका.

गाडीचे पुस्तक कप्प्यात तसेच पडून राहू देऊ नका. परतीच्या पावसाआधी एका रविवारी मुलाला आणि चालकाला बरोबर घेऊन ते वाचा, आणि कोरड्या रानात दांडी टाकण्या-काढण्याचा सराव करा. माल भरलेला आहे, आभाळ भरून आले आहे, आणि त्या वेळी दांडी कुठे आहे हे शोधायची वेळ येऊ नये.